शिकवता शिकवता

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९३७ साली योगासनांचा एक वर्ग सुरू झाला. वर्ग घेणारे शिक्षक अवघे अठरा वर्षांचे होते. अंगाने काटकुळे, डोक्यावर शेंडी, कर्नाटकातून नुकतेच आलेले. मराठीचा गंध नाही आणि इंग्रजी मोडकेतोडके. समोर शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी उभे होते. पुणे हे तालमींचे, दंडबैठकांचे आणि मल्लखांबाचे गाव. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला होता तो याच परिसरात, आणि स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली त्यालाही तेरा वर्षे होऊन गेली होती. अशा ठिकाणी व्यायाम म्हणजे काय आणि योग म्हणजे काय, हे लोकांना नव्याने सांगावे लागत नव्हते. उलट, सांगणाऱ्याचीच पारख होत होती. या शिक्षकांपाशी शिष्यांहून अधिक असे काय होते? खरे सांगायचे तर फारसे काही नव्हते. शिष्य वयाने बरोबरीचे किंवा मोठे, शरीराने धडधाकट आणि शिक्षणाने पुढे गेलेले होते.

हे शिक्षक म्हणजे बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. पुढे जग त्यांना बी. के. एस. अय्यंगार म्हणून ओळखू लागले, पुण्यातील लोक ‘गुरुजी’ म्हणू लागले. पद्मश्री, पद्मभूषण आणि २०१४ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. अशा थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या बालपणापासूनच थोरवीची चिन्हे शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. अय्यंगारांच्या बाबतीत ती रीत चालत नाही. त्यांच्या बालपणात चिन्हे होती ती सगळी उलट दिशेची.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूर या खेड्यात झाला. इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्या वर्षी देशभर माणसे दगावत होती आणि त्यांच्या आईलाही त्याच तापाने ग्रासले होते. मूल जन्मतःच अशक्त निघाले. पुढे मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्याचा पिच्छा पुरवला. वडील शाळेत शिक्षक होते. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. मोठ्या कुटुंबातील हे आजारी मूल मग नातेवाइकांच्या आधाराने कसेबसे वाढले. हातपाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेले आणि डोके शरीराला जड, असे आपले वर्णन अय्यंगारांनीच पुढे अनेकदा केले आहे.

त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे म्हैसूरचे विद्वान योगाचार्य टी. कृष्णमाचार्य. महाराज कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने ते राजवाड्यातील योगशाळा चालवीत. १९३४ मध्ये त्यांनी आपल्या या मेहुण्याला म्हैसूरला बोलावून घेतले. योग शिकवण्यासाठी नव्हे. आपण बाहेरगावी असताना बहिणीला घरात सोबत असावी, एवढाच हेतू होता. मुलाची प्रकृती पाहून योगाच्या दृष्टीने त्याच्याकडून काही होईल असे कृष्णमाचार्यांना वाटलेच नाही. पुढे वाकले तर मुलाची बोटे गुडघ्यांच्या फारशी खाली जात नसत. घरात पाणी भरावे, बागेला घालावे आणि शाळेत जावे, हे त्याचे काम. १९३५ मध्ये मात्र योगशाळेतील एक आवडता शिष्य अचानक निघून गेला. प्रात्यक्षिकाचा दिवस तोंडावर आला होता. निरुपायाने गुरूंनी मेहुण्याला उभे केले आणि थोड्याच दिवसांत कितीतरी अवघड आसने त्याच्याकडून करवून घेतली. प्रात्यक्षिक पार पडले, पण ताणलेल्या स्नायूंचे दुखणे पुढे कितीतरी दिवस पुरले. ज्याला आपण आज ‘शिकवणे’ म्हणू, ते त्या घरात फार थोडे झाले. गुरू कडक होते आणि प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

याच काळात मॅट्रिकच्या परीक्षेत अय्यंगार इंग्रजीत नापास झाले आणि शाळा सुटली ती कायमची.

शाळा सुटलेला, आजारी, परावलंबी मुलगा दोन वर्षांत शिक्षक होतो, यात काही दैवी योजना पाहण्यापेक्षा व्यवहार पाहणे अधिक बरे. १९३६ मध्ये कृष्णमाचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर निघाले. धारवाडला काही स्त्रियांनी योग शिकण्याची इच्छा दाखवली. स्त्रियांचा वर्ग घ्यायला सर्वांत लहान शिष्य बरा, म्हणून अय्यंगारांची निवड झाली. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी या मंडळींची प्रात्यक्षिके पाहिली होती. निवृत्तीनंतर पुण्यात आल्यावर त्यांनी सहा महिन्यांसाठी एक योगशिक्षक मागितला. अय्यंगारांना थोडेसे इंग्रजी येत होते; तेव्हा ज्या विषयात ते नापास झाले होते, त्याच विषयाच्या तोडक्या ज्ञानाने त्यांना पुण्याची वाट दाखवली. सहा महिन्यांची मुदत वाढत वाढत तीन वर्षांची झाली. नंतर ती नोकरीही संपली. पण पुणे सुटले नाही.

या पहिल्या वर्षांतच त्यांच्या आयुष्याचा खरा अर्थ दडलेला आहे. वर्गात विद्यार्थी जे आसन सहज करीत, ते शिक्षकाला येत नसे. विद्यार्थी प्रश्न विचारीत आणि शिक्षकापाशी उत्तर नसे. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, आवाज चढवून अज्ञान झाकावे. दुसरा, घरी जाऊन ते आसन पुन्हा पुन्हा करून पाहावे. आवाज चढवणेही त्यांच्याकडून पुढे पुष्कळ झाले, त्याचा उल्लेख येईलच. पण त्यांनी दुसरा मार्ग सोडला नाही. दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास ते एकटेच आसने करीत. पाय कोणत्या कोनात ठेवला की गुडघा दुखतो, टाच कशी दाबली की कणा सरळ होतो, डावी बाजू उजवीसारखी का वागत नाही, हे ते स्वतःच्या शरीरावर पाहत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगत. मराठीत ‘अभ्यास’ हा शब्द पुस्तकाच्या वाचनालाही लागतो आणि हातापायांच्या सरावालाही लागतो. अय्यंगारांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच झाले. शाळा सुटली होती, अभ्यास सुरू झाला होता.

तरीही या दिवसांचे उदात्तीकरण करू नये. नोकरी गेल्यावर शिकवण्या मिळेनात. सायकलवरून गावभर हिंडून एखाददुसरा शिष्य मिळवावा, अन्नाऐवजी नळाचे पाणी पिऊन पोट भरावे, असे दिवस त्यांनी काढले. उपासमार माणसाला घडवते असे म्हणणाऱ्यांनी बहुधा उपासमार पाहिलेली नसते. त्या परिस्थितीत अशा कितीतरी मुलांची आयुष्ये विझून गेली असतील. एक तगला, म्हणून दारिद्र्याला गुरूचा मान देता येत नाही.

१९४३ मध्ये त्यांचा विवाह रमामणी यांच्याशी झाला. त्यांना योगाची काहीच माहिती नव्हती. अय्यंगारांनी पत्नीला आसने शिकवली आणि मग आपल्या आसनात चूक कोठे होते हे पाहायला, हाताने शरीर सरळ करायलाही शिकवले. म्हणजे जिला त्यांनी शिकवले, तिच्याच नजरेने त्यांनी स्वतःला तपासले. योगविद्येच्या इतिहासात रमामणींचे नाव फारसे येत नाही. ते यायला हवे. प्राणायामाची कथाही अशीच आहे. गुरूंनी तो त्यांना शिकवला नव्हता. चाळिशीच्या दशकात ते पहाटे उठून एकटेच बसत, काही मिनिटांत श्वास अडखळे, बैठक मोडे आणि दिवस निराशेने सुरू होई. असे कित्येक महिने नव्हे, कित्येक वर्षे चालले. त्यांचे प्राणायामावरील स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९८१ मध्ये.

ज्याला एखादी गोष्ट उपजत येते, त्याला ती दुसऱ्याला सांगता येईलच असे नाही. लवचिक शरीराचा माणूस पुढे वाकतो आणि हात जमिनीला टेकवतो. ‘असे करा’ यापलीकडे त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते. ज्याचा हात वर्षभर गुडघ्यापाशीच अडकला होता, त्याला मात्र गुडघ्यापासून जमिनीपर्यंतच्या वाटेतला प्रत्येक थांबा ठाऊक असतो. अय्यंगारांच्या अध्यापनाचे बळ यातून आले. त्रिकोणासनाचे उदाहरण घ्या. नवा माणूस हात जमिनीला लावण्याच्या हट्टाने वाकतो, मग त्याची छाती खाली वळते, गुडघा सैल पडतो आणि आसनाचा हेतूच नाहीसा होतो. अय्यंगारांनी हाताखाली वीट ठेवली. जमीन वर आली, छाती उघडली आणि माणसाला त्रिकोणासन म्हणजे काय ते कळले. विटा त्यांनी प्रथम रस्त्याकडेच्या बांधकामावरून उचलून आणल्या होत्या. मग लाकडी ठोकळे आले, पट्टे आले, भिंतीत अडकवलेले दोर आले, घड्या घातलेल्या घोंगड्या, लोड, खुर्च्या आणि बाके आली. सर्वांगासनात मानेवर भार पडू नये म्हणून खांद्यांखाली घोंगड्यांची घडी; दम्याच्या रुग्णाची छाती आपोआप उघडी राहावी म्हणून पाठीखाली लोड; उभे राहणे जमत नसेल तर भिंतीचा आधार. या सगळ्या वस्तू घरातल्या, अंगणातल्या, कोणालाही मिळणाऱ्या आहेत.

जुन्या वळणाच्या काही साधकांनी या साधनांना नावे ठेवली. विटा आणि दोर घेऊन करायचा तो योग कसला, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही; साधनांवर विसंबून शरीर आळशी होऊ शकते. पण या आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, साधनांशिवायचा योग हा निरोगी आणि बहुधा तरुण माणसांपुरता राहिला असता. विटेने वृद्धांना, अपंगांना आणि आजाऱ्यांना वर्गात जागा मिळवून दिली. ऐंशी ओलांडलेल्या बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ अय्यंगारांकडून शीर्षासन शिकल्या, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्याहून मोलाची गोष्ट ही, की पुण्यातील त्यांच्या संस्थेत रुग्णांसाठी स्वतंत्र वर्ग चालू राहिले.

बाहेरच्या जगाची वाट एका व्हायोलिनवादकाने उघडली. १९५२ मध्ये यहुदी मेनुहिन भारतात आले असता मुंबईत त्यांची अय्यंगारांशी भेट झाली. मेनुहिन थकलेले होते, वेळ पाच मिनिटांचा होता. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले आणि त्यांना गाढ झोप लागली. १९५४ मध्ये मेनुहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावले आणि एक घड्याळ भेट दिले. आपला सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला होता. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हते. पण वाजवणाऱ्याचा खांदा कोठे आखडतो, हे त्यांना दिसत होते.

१९६६ मध्ये लंडनहून त्यांचा आसन-प्राणायामावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोनशे आसने आणि सुमारे सहाशे छायाचित्रे असलेला हा ग्रंथ जगातील अनेक भाषांत गेला. मराठीत तो ‘योगदीपिका’ या नावाने आला. इंग्रजीची सफाई त्यांच्यापाशी नव्हती, ती मुंबईच्या एका शिष्याने पुरवली. मदत मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ग्रंथातील छायाचित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: ज्या शरीराची ती आहेत, ते शरीर एके काळी योगाला अपात्र ठरले होते.

साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षणखात्याने प्रौढांच्या सायंवर्गांत योग हा विषय घेतला आणि त्यासाठी अय्यंगारांच्या पद्धतीचे शिक्षक तयार होऊ लागले. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वर्गाला येणारी माणसे हे त्याचे विद्यार्थी. तेथे योग शिकवायचा तो आसन-प्राणायामापुरता, तत्त्वज्ञान बाजूला ठेवून. पतंजलींच्या आठ अंगांपैकी सहा अंगे अशी दाराबाहेर राहिली, म्हणून अय्यंगारांवर टीकाही झाली. त्यांची भूमिका अशी, की एक आसन पूर्ण लक्ष देऊन केले तर उरलेली अंगे त्यातच शिरतात. हे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. परंतु मन स्थिर करा म्हणून सांगितल्याने कोणाचे मन स्थिर होत नाही. मागच्या पायाच्या टाचेकडे लक्ष ठेवा म्हटले तर निदान तेवढा वेळ ते कोठे भटकत नाही.

आता आवाज चढवण्याविषयी. अय्यंगार वर्गात रागीट होते. ओरडत, प्रसंगी चापट मारून स्नायूला जाग आणीत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून शिष्य विनोद करीत, तो मारझोडीचाच होता. वर्गाबाहेर ते प्रेमळ आणि हसरे असत, असे शिष्य आवर्जून सांगतात. असेलही. पण गुरूंकडून जो धाक त्यांनी सोसला, त्यातला काही त्यांनी पुढच्या पिढीला दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिष्याच्या संमतीवाचून त्याच्या शरीराला हात लावू नये, हा आजचा दंडक योग्य आहे आणि मोठ्या गुरूंच्या नावाने तो सैल करणे अयोग्य आहे. थोर माणसाकडून काय घ्यावे याइतकेच काय घेऊ नये, हेही शिष्याला ठरवावे लागते.

आज योगशिक्षकांची वाण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला. २०१५ पासून तो साजरा होतो. दोनशे तासांचे प्रशिक्षण आणि हाती प्रमाणपत्र, अशी सोय गावोगावी झाली आहे. हे पाहून जुने जाणते नाक मुरडतात. पण त्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारता येईल: अय्यंगार पुण्याला आले तेव्हा त्यांचे तरी किती तासांचे शिक्षण झाले होते? त्यांच्यापाशी तर प्रमाणपत्रही नावापुरतेच असते. तेव्हा अल्प शिक्षणावर शिकवायला उभे राहणे हा दोष मानता येत नाही. फरक पुढे पडतो. अठरा वर्षांच्या अय्यंगारांना आपल्याला येत नाही हे रोज वर्गात दिसत होते आणि ते त्यांना झोंबत होते. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर टांगली की ते दिसणे बंद होण्याचा धोका असतो. प्रशिक्षण देणाऱ्यांनी तासांच्या हिशोबापेक्षा या धोक्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पुण्याच्या शिवाजीनगर भागात आठ खांबांवर उभी असलेली योगसंस्था १९७५ मध्ये सुरू झाली. तिचे भूमिपूजन जानेवारी १९७३ मध्ये रमामणींच्या उपस्थितीत झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्या वारल्या. संस्थेला त्यांचेच नाव आहे. कन्या गीता आणि पुत्र प्रशांत तेथे शिकवू लागले. गीताताईही लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होत्या. पुढे स्त्रियांच्या योगाभ्यासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीचा सोहळा होताच दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

१९७९ मध्ये, वयाच्या साठीत, अय्यंगारांना स्कूटरचे दोन अपघात एकापाठोपाठ झाले. खांदे आणि पाठीचा कणा दुखावला. चाळीस वर्षे कमावलेली आसने एका वर्षात गेली. जगभरचे शिष्य ज्या पुस्तकातील छायाचित्रे पाहून आसने शिकत होते, त्या छायाचित्रांतील माणसाला पुढे वाकता येईना. त्यांनी पहिल्या आसनापासून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आधाराला त्यांनीच इतरांसाठी शोधलेल्या विटा, दोर आणि बाके होती. पूर्वीच्या जागी यायला त्यांना कित्येक वर्षे लागली.

नव्वदी ओलांडल्यावरही ते सकाळी संस्थेच्या सभागृहात आपला सराव करीत. दूरदेशीहून आलेले शिष्य आजूबाजूला आपापली आसने करीत असत आणि मधूनमधून चोरून त्यांच्याकडे पाहत. दुपारी ते तळघरातल्या ग्रंथालयात जाऊन बसत. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले, त्याच्या काही काळ आधीपर्यंत हा क्रम चालू होता. टेबलावर देशोदेशींची पत्रे पडलेली असत. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेले गुरुजी एकेक पत्र वाचत आणि त्याचे उत्तर इंग्रजीत लिहीत.